कॅम्पर व्हॅन पावसात गळतेय? सीलंटची नळी नंतर उघडा

गाडी आमची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. सेकंडहँड घेतली, सीटा काढल्या, आत प्लाय मारला, पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवली, छतावर दोन सोलर पॅनेल आणि एक पंखा टाकला. सात पावसाळे झाले तिला. पहिले तीन पावसाळे ती गळली, आणि त्यात दोनदा मी तिला 'कायमची' दुरुस्त केली होती. आता ओळखीतल्यांच्या गाड्या बघायला बोलावणं येतं. कोणी ताम्हिणीतून भिजून आलेलं असतं, कोणी आंबोलीहून, आणि वाक्य ठरलेलं: "दादा, छत गळतंय." जाऊन बघावं तर बऱ्याचदा छताचा काही संबंध नसतो.

खालचा क्रम फुकटाकडून खर्चाकडे जातो. मधल्या पायऱ्या गाळायचा मोह होईल. मी गाळल्या होत्या, म्हणून तीन वर्षं लागली.

लक्षणं

गाडी नेमकं काय करते ते आधी वहीत लिहा. पाऊस सरळ होता की झड होती, गाडी उभी होती की चालती, तिचं नाक चढाकडे होतं की उताराकडे, हेही लिहा. पुढचा अर्धा शोध या वहीतच लागतो.

– उभ्या गाडीत थेंब नाही, पण हायवेला सत्तर-ऐंशीने निघालात की ठिबक सुरू.
– घाट उतरताना ब्रेक मारला की पुढे एकदम तांब्याभर पाणी येतं.
– पाऊस थांबून दोन-तीन तास झाले तरी टपटप चालूच.
– छताच्या प्लायवर चहाच्या कपाने उमटावी तशी तपकिरी कडी, आणि दर मोठ्या पावसानंतर तिच्याबाहेर आणखी एक.
– गादी वरून कोरडी, उलटून बघितली तर ओली.
– ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं मॅट चिंब.
– कपाट उघडलं की कुबट वास, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी.
– ओट्याखालचा प्लाय फुगलाय, आणि तो पाऊस नसतानाही ओलाच असतो.
– फ्यूज उडतो, इन्व्हर्टर मधेच बंद पडतो, किंवा शॉकपासून वाचवणारा ब्रेकर, म्हणजे आरसीसीबी, पाऊस आला की पडतो.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं काही करू नका. बाहेरून घेतलेली लाइन काढा, इन्व्हर्टर बंद करा आणि थेट खाली 'इथे थांबा'कडे जा.

आधी पंप

पाणी चार प्रकारचं असतं: पावसाचं, टाकीचं, एसीचं आणि आपल्या श्वासाचं. टाकीचं तपासायला दहा मिनिटं लागतात, म्हणून ते आधी.

सगळे नळ घट्ट बंद करा, पंपाचं बटण चालू ठेवा आणि रात्री गप्प पडून राहा. नळ बंद असताना पंप मधूनच 'टर्र' करून एखादा सेकंद चालला, तर पाइपात कुठेतरी दाब सुटतोय. बहुतेक वेळा ओट्याखालच्या जोडाची क्लिप सैल झालेली असते. कोरड्या टिश्यू पेपरने एकेक जोड पुसत जा, जिथे कागद ओला होईल तो जोड. पावसाळ्यात हे लक्षात येत नाही, कारण ओल दिसली की आपण आधी आभाळाकडे बघतो. टाकी काठोकाठ भरून घाटात गेलात तर तिच्या हवेच्या नळीतूनही पाणी बाहेर येतं. त्याला दुरुस्ती नाही, टाकी थोडी कमी भरा.

मग एसीच्या नळ्या

पावसाळ्याच्या दमट हवेत एसी भरपूर पाणी गाळतो. ते बाहेर नेणारी नळी शेवाळाने किंवा कुंभारमाशीच्या मातीने तुंबली की पाणी आत येतं. डॅशबोर्डच्या एसीची नळी तुंबली तर पुढचं मॅट भिजतं, मागच्या स्प्लिटची तुंबली तर भिंतीवरून ओघळ येतो, आणि माणूस काचेच्या रबराला दोष देत बसतो. एसी चालू ठेवून गाडीखाली बघा. पाणी टपकायला हवं. नसेल टपकत तर बाहेरच्या टोकाकडून मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी सरकवून हळू फुंका. तार खुपसू नका. आतली नळी जोडातून निसटली तर डॅशबोर्ड उघडावा लागतो.

श्वासाचं पाणी

हा भाग लोकांना पटत नाही. दोन माणसं बंद गाडीत रात्रभर झोपली की नुसत्या श्वासातून आणि घामातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. त्यात स्वयंपाक. १ किलो एलपीजी जळला की साधारण १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, ते भातातून निघालेल्या वाफेच्या वेगळं. म्हणजे पिठलं-भात आणि दोनदा चहा यात १०० ग्रॅम गॅस गेला, तर नुसत्या ज्योतीने ग्लासभर पाणी गाडीत सोडलं. ते कुठे जाणार? जिथे पत्रा सगळ्यात गार, तिथे जाऊन बसणार. खिडकीची चौकट, दाराचा उघडा पत्रा, गादीखालची फळी.

तपासायला पोळ्या गुंडाळायचा फॉइल घ्या. ओल येते ती जागा पुसून, पंख्याने एखादा दिवस कोरडी करा, तिथे वीतभर फॉइल चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि सकाळी बघा. फॉइलच्या तुमच्याकडच्या बाजूला दव असेल तर ते तुमचंच पाणी. फॉइल सोलल्यावर मागची बाजू ओली असेल तर पाणी प्लायमधून येतंय, पुढे वाचा.

प्रदेशाचा फरकही ध्यानात घ्या. महाबळेश्वर, भंडारदरा अशा गार ठिकाणी रात्री काचेला आतून घाम येतो. कोकणात किनाऱ्यावर एसी लावून झोपलात तर काच बाहेरून धुरकट होते, तो बिघाड नाही. आमचे एक स्नेही गुहागरला सकाळी ती काच बघून घाबरले आणि रबर बदलायला निघाले होते.

उपाय साधे आहेत. स्वयंपाक करताना पंखा बाहेर हवा फेकेल असा लावा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. पाऊस असला तरी ठेवा, वर झडपी असेल तर पाणी येत नाही. गादीखाली सलग प्लायऐवजी पट्ट्या टाका, किंवा निदान प्लायला भोकं पाडा. आणि सकाळी गादी उभी करा. ओले रेनकोट आत वाळत घालू नका. दाराबाहेर अडकवा, नाहीतर बाथरूममध्ये टांगून ते दार बंद करा.

एक गोष्ट अजिबात करायची नाही: गाडी किंवा कपडे वाळवायला बंद गाडीत शेगडी पेटवून ठेवायची नाही. एक तर त्यातून आणखी पाणी निघतं, हे वर आलंच. दुसरं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

सरकत्या खिडक्या: खर्च एक टाचणी

आता पावसाचं पाणी. माझ्याकडे आलेल्या गाड्यांत इथेच सगळ्यात जास्त वेळा दोष सापडला.

सरकत्या काचेच्या खाली अॅल्युमिनियमची खाच असते. तिच्यात पाणी साचतं आणि ते साचणार हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून खाचेच्या बाहेरच्या अंगाला बारीक चिरा ठेवलेल्या असतात, पाणी त्यातून बाहेर गळून जावं म्हणून. रस्त्यावरची धूळ, मेलेल्या माश्या आणि शेवाळ यांचा लगदा होऊन या चिरा बुजतात. मग खाच पन्हळीसारखी भरते. गाडी उभी असेपर्यंत पाणी आत शांत पडून असतं. वळण आलं किंवा ब्रेक लागला की ते काठावरून आत उडी मारतं आणि थेट गादीवर येतं. घाटात तांब्याभर पाणी येतं ते बहुधा हेच.

काच पूर्ण सरकवा, जुन्या टूथब्रशने खाच घासा आणि चीर टाचणीने मोकळी करा. आमच्या गाडीत पहिल्यांदा टाचणी घातली तेव्हा आधी काळी वळी बाहेर आली, वाटाण्याएवढी, आणि तिच्यामागून गढूळ पाणी कोऱ्या चहासारखं पत्र्यावरून ओघळायला लागलं. मिनिटभर ओघळत होतं. खाचेत ग्लासभर पाणी ओतून बघा, ते लगेच बाहेर पडलं पाहिजे.

माझ्या मेव्हण्याने याच चिरा 'पाणी इथूनच शिरतंय' म्हणून सिलिकॉनने बुजवल्या होत्या. त्याच्या गाडीत पुढे काय झालं हे सांगायला नको. तो अजून म्हणतो की सिलिकॉन हलकं होतं.

पाला, पन्हळ, रबर

हे भराभर होतं. वायपरखालच्या जाळीत पाला साचतो. वड-जांभळाखाली गाडी लावली असेल तर हमखास. तिथलं पाणी बाहेर जायची वाट बुजली की ते डॅशबोर्डमागून पायाशी उतरतं. हात घालून पाला काढा, बादलीभर पाणी ओता, चाकामागून खाली पडतंय का बघा. छताच्या कडेची पन्हळ बोटाने साफ करा.

दारांच्या रबरासाठी कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. पट्टी सहज निघाली तर तिथे रबर दबून चपटं झालेलं आहे. आधी दाराचा लॅच थोडा आत सरकवून बघा, नवं रबर त्यानंतर.

गाडी उभी करताना सपाट जागेचा हट्ट नको. छतावर पाणी कुठे साचतं ते एकदा बघून ठेवा आणि त्याच्या उलट बाजूला थोडा उतार द्या. बाहेरच्या छपराचा, म्हणजे ऑनिंगचा, एक पाय दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली ठेवा. कापडावर १ चौरस मीटरमध्ये १ सेंटिमीटर पाणी साचलं तर ते १० किलो होतं. रात्री झोपताना ऑनिंग गुंडाळून ठेवलेलं बरं.

खालून येणारं पाणी

फक्त चालत्या गाडीत ओल येत असेल आणि ती जमिनीलगत असेल, तर चाकांचा फवारा बघा. टाकी, वायरी, गॅसची नळी यांसाठी जमिनीला पाडलेली भोकं नीट बंद केलेली नसतात. गाडीखाली टॉर्च धरा आणि आत कोणाला तरी बसवा. जिथून उजेड दिसेल तिथून पाणीही येतं. रबरी ग्रॉमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी कडी, आणि थोडं पॉलियुरेथेन सीलंट, काम झालं.

पण गॅस सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी जे भोक असतं ते बुजवायचं नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्या भोकातून तो बाहेर पडावा म्हणूनच ते ठेवलेलं असतं. चिखल उडतो म्हणून ते टेपने बंद केलेल्या दोन गाड्या मी पाहिल्यात, त्यातल्या एका गाडीत लहान मुलं झोपत होती. पाणी उडत असेल तर भोकाखाली थोडं अंतर सोडून पत्र्याची पट्टी लावा, भोक उघडंच राहू दे.

आता छत

इथवर येऊनही पाणी थांबलं नसेल तर शिडी काढा. छतावर किती पाणी पडतं याचा अंदाज असू द्या. ६ मीटर लांब, २ मीटर रुंद छतावर १०० मिमी पाऊस झाला तर ते १,२०० लिटर होतं. घाटमाथ्यावर जुलैत एका दिवसात १०० मिमी ही बातमीसुद्धा नसते. एवढ्या पाण्यातलं ग्लासभर आत आलं तरी गादी गेली. म्हणजे आपण भगदाड शोधत नाही आहोत, स्क्रूच्या भोकाएवढी फट शोधतोय.

ओल्या छतावर चढू नका, विजा कडाडत असताना शिडीलाही हात लावू नका. फायबरचं छत असेल तर त्यावर उभं राहायचंच नाही, शिडीवरून हात पोचेल तेवढंच.

पाणी जिथे टपकतं तिथून ते शिरलेलं नसतं. पत्रा आणि प्लाय यांच्यामध्ये छताच्या आडव्या-उभ्या पट्ट्या असतात. पाणी आत आलं की पट्टीवरून, वायरीवरून, थर्मोकोलच्या फटीतून चालत जातं आणि सगळ्यात खालच्या जागी, किंवा जिथे प्लायला भोक आहे तिथे, बाहेर पडतं. प्लायला सगळ्यात मोठं भोक असतं पंख्याचं. म्हणून सगळ्यांचा आरोप पंख्यावर.

आमच्याकडे पाणी पलंगाच्या पायथ्याशी, बरोबर पंख्याखाली पडायचं. पहिल्या वर्षी पंख्याभोवती सिलिकॉन लावलं. दुसऱ्या वर्षी त्यावर आणखी. तिसऱ्या वर्षी पंखा काढून नव्याने बसवला, दोन दिवस गेले, आणि ऑगस्टच्या पहिल्या संततधारेत पुन्हा तिथेच टपटप. तेव्हा बायको खालून डागाकडे बघत म्हणाली, "पंखा गळत असता तर डाग त्याच्या भोवतीनं पडला असता ना? हा तर नुसता पुढच्या बाजूला लांब गेलाय." खरंच, डागाला शेपूट होतं. मी तीन वर्षं त्याखाली झोपत होतो.

शेपटाच्या दिशेने प्लायची एक पट्टी उतरवली. आतल्या लोखंडी पट्टीवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि बाहेरून पाणी मारलं. पावडरीत गोगलगाय गेल्यासारखी एक बारीक ओली वाट उमटली. ती पंख्याकडून येत नव्हती, पंख्याकडे जात होती. उलट मागं काढत गेलो तर चार फूट पुढे, सोलरची वायर जिथून छतात शिरते तिथे पोचलो. वायरीच्या डबीचं तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला बसवलेलं. गाडी पळाली की वारा पाणी थेट त्यात भरायचा, आणि वायर सरळ खाली आल्यामुळे थेंबाला आयता रस्ता. डबी फिरवून तोंड मागे केलं, आत शिरण्याआधी वायरीला खाली लोंबता झोल दिला, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी येऊन बाहेरच गळतं. त्यानंतर चार पावसाळे झाले.

तुमच्याकडे डागाला शेपूट नसेल तर पाण्याच्या नळीची चाचणी करा. दोन माणसं लागतात: एक बाहेर नळी घेऊन, एक आत टॉर्च घेऊन. सुरुवात नेहमी खालून करायची. आधी खिडकीची खालची कड, मग वरची, मग पन्हळीचा सांधा, मग छतावरची एकेक वस्तू. प्रत्येक जागी १० मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून खाली ओघळतं आणि कुठून शिरलं हे कधीच कळत नाही. दहा मिनिटं लांबलचक वाटतात, पण आतून चालत यायला पाण्याला तेवढा वेळ लागतोच. दोन जागांचा संशय असेल तर एकीकडे खायचा लाल रंग कालवलेलं पाणी ओता. धुलाई सेंटरचा जोराचा फवारा वापरू नका, तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो.

ज्या गाडीत फक्त पळताना पाणी येतं, तिच्यावर उलटी युक्ती चालते. सगळ्या खिडक्या बंद करा, पंख्याचं भोक प्लॅस्टिकने झाका, डॅशबोर्डचा ब्लोअर बाहेरची हवा आत घेईल असा फुल करा. आत थोडा दाब तयार होतो. मग बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी स्पंजने फिरवा. जिथे बुडबुडे धरतील तिथून हवा बाहेर येते, आणि तिथूनच पाणी आत जातं. आतला दाब फार नसतो, तेव्हा डोळे जवळ नेऊन बघा.

सापडलं, आता काय लावायचं

दुकानदार पहिल्यांदा सिलिकॉन देतो. व्हिनेगरसारखा वास येणारं, बाथरूमच्या टाइल्सना लावतात ते सिलिकॉन गाडीच्या पत्र्याला नको. त्यातून सुटणाऱ्या आम्लाने उघडा पत्रा गंजतो, आणि एकदा लावलं की त्या जागी पुढे दुसरं काही धड चिकटत नाही, रंगसुद्धा नाही. माझे दोन वर्षांचे थर ब्लेडने खरवडून काढायला एक अख्खा रविवार गेला.

दुसरा घरगुती उपाय म्हणजे एम-सीलसारखी पुट्टी. टाकीच्या पाइपाला ती उत्तम, छताच्या सांध्याला नाही, कारण ती दगडासारखी कडक होते. ६ मीटर लांबीचा लोखंडी पत्रा ४० अंशांनी तापला तर जवळपास ३ मिमी वाढतो. श्रावणात ऊन-पाऊस एका तासात चारदा बदलतो, म्हणजे पत्रा दिवसभर पुढेमागे सरकतोय, वर खड्ड्यांचे हादरे. कडक काहीही तिथे तडकणारच. घरांच्या गच्चीला लावायचं वॉटरप्रूफिंग संपूर्ण छतावर फासण्याचाही प्रकार बघितलाय. त्याने फट झाकली जाते, सापडत नाही, आणि पुढच्या वर्षी शोधणं दुप्पट अवघड होतं.

मला पटलेली पद्धत अशी. पंखा, ब्रॅकेट, डबी यांच्या कडेखाली ब्युटाइल टेप. ती कधी वाळत नाही, च्युइंगगमसारखी लवचिक राहते. स्क्रू एकदम आवळू नका, आज आवळा, ती पसरू दे, उद्या पुन्हा थोडे आवळा. बाहेर आलेली टेप कापून कडेला गाड्यांसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट, आणि स्क्रूच्या प्रत्येक डोक्यावर त्याचा ठिपका. आधी जागा खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण कोरडी हवी.

पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यानेच पक्कं होतं, त्यामुळे दमट हवा त्याला चालते. ओला पत्रा चालत नाही. साधारण दिवसाला ३ मिमी जाडी पक्की होते असं धरा आणि तेवढी उघडीप मिळेल तेव्हाच काम काढा. नाहीतर गाडी एखाद्या शेडमध्ये न्या.

प्रवासातच अडकलात तर शोधाशोध नंतर. प्लायचा फुगा दिसत असेल तर त्याखाली बादली धरून सर्वांत खालच्या जागी बारीक भोक पाडा, पाणी काढून टाका. नाहीतर ते पसरत जाऊन अख्खी शीट घेऊन येईल. हे करण्याआधी त्या भागातली वीज बंद. मग ताडपत्री. कोकणात पावसाळ्यात कुठल्याही बाजारपेठेत निळी ताडपत्री मिळते, छतावर टाकून पन्हळीखालून दोरीने बांधा. ती टाकून गाडी पळवायची नाही, आणि पंखा झाकला गेला असेल तर आत शेगडीही पेटवायची नाही.

इथे थांबा

खालच्या गोष्टींत मी स्वतः हात घालत नाही.

आरसीसीबी पडला, तर तो पुन्हापुन्हा वर करू नका. करंट भलत्या वाटेने जातोय असं तो सांगत असतो. ओल्या जमिनीवर, लोखंडी गाडीत २३० व्होल्टशी प्रयोग नकोत. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत बाहेरची लाइन आणि इन्व्हर्टर बंद. लिथियम बॅटरीच्या कप्प्यात पाणी गेलं असेल तर तीही जोडून बघू नका.

गॅसचा वास आला तर सिलिंडर बंद, दारं उघडी, माणसं बाहेर, कुठलंही बटण दाबायचं नाही.

छताच्या किंवा जमिनीच्या प्लायमध्ये अंगठा रुतला, ठोकल्यावर 'टक' ऐवजी 'थप' आवाज आला, तर आतलं लाकूड गेलंय. ओलावा मोजायचं दोन टाचण्यांचं यंत्र मिळतं. त्यावर लाकूड २० टक्क्यांच्या वर दाखवत राहिलं तर ते कुजायला लागणार. पलंग, कपाटं त्याच लाकडात आवळलेली असतात, ब्रेकला ती सुटून अंगावर येऊ शकतात. हे काम बॉडी बांधणाऱ्याचं.

छताच्या पट्ट्यांना किंवा खांबांना खवले सुटणारा गंज दिसला, तर वेल्डिंगवाला. त्याच्याआधी गॅस, बॅटरी आणि सोलर काढून ठेवा. समोरची काच चिकटवलेली असेल आणि पाणी तिच्या कडेने येत असेल तर काचवाला, वरून सीलंट फासून ते थांबत नाही. आणि पुराचं पाणी एकदा जमिनीच्या वर आलेली गाडी स्टार्टरसुद्धा न मारता टोइंगने न्यायची.

मिस्त्रीकडे जाताना 'छत गळतंय' एवढंच सांगू नका, वही द्या: कधी, कुठे, किती वेळाने, काय काय तपासून झालं. शोधून मगच लावा असं बजावा, कारण सांगितलं नाही तर तोही आधी सिलिकॉनची नळीच उचलतो. गाडी ताब्यात घेण्याआधी तुमच्यासमोर छतावर अर्धा तास पाणी मारायला लावा आणि तेवढा वेळ तुम्ही आत बसा. नळी मात्र घरची न्या. गॅरेजच्या नळीला कधी जोर नसतो.